आमचा हट्टी म्हातारा

आमच्या घरीं दोन म्हातारे होते. एक माझे आजोबा. त्यांस आम्ही तात्या म्हणत असूं. दुसरा आमचा ट्रॅक्टर. दोघेहि हट्टी, दोघांसहि थंडीच्या दिवसांत सकाळीं लवकर उठविलेलें खपत नसे, आणि दोघांचें एकमेकांशीं मुळींच पटत नसे. तात्यांनीं त्या यंत्रास सात वर्षांत एकदांहि हात लाविला नव्हता. लिंबाखालीं तो उभा असे, समोरच्या दगडावर तात्या घोंगडें टाकून बसत, आणि न बोलावितां आलेला पाहुणा जावयाचें नांव काढीत नसला म्हणजे घरधनी त्याजकडे ज्या नजरेनें पाहतो, त्या नजरेनें ते दिवसभर त्याजकडे पाहत.

ट्रॅक्टर कोणत्या कारखान्याचा होता तें मी येथें सांगत नाहीं. त्याच्यापासून आम्हांस जो त्रास झाला, तो कांहीं अंशीं त्याच्या वयाचा, कांहीं अंशीं आमच्या अज्ञानाचा, आणि उरलेला एका तिसऱ्याच प्राण्याचा होता. त्या प्राण्याची हकीकत पुढें येईलच. माझ्या वडिलांनीं, म्हणजे अण्णांनीं, तो १९७६ सालीं एका ऊसवाल्या बागाईतदाराकडून जुना म्हणून विकत घेतला. तेव्हांच त्याचें वय दहा वर्षांचें होतें. आपल्या देशांत ट्रॅक्टर तयार होऊं लागून त्या वेळीं फार दिवस झाले नव्हते. १९५९ सालीं फरीदाबादेस ऐशर कंपनीचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला, आणि १९६३ सालीं महिंद्र कंपनीनें एका अमेरिकन कंपनीच्या भागीदारीनें मुंबईस ट्रॅक्टरची कंपनी काढली. तेव्हां आमचा म्हातारा हा पहिल्या पिढीचाच म्हणावयाचा.

अण्णांना ट्रॅक्टरची बुद्धि झाली ती १९७२ च्या दुष्काळांत. त्या वर्षीं आमच्या सोलापूर जिल्ह्यांत माणसांस खडी फोडून पोट भरतां आलें, पण जनावरांस खडी खातां येत नाहीं. दावणीची चार जनावरें एकामागून एक गेलीं. अण्णा म्हणत, बैल काम करो वा न करो, त्यास वैरण लागतेच. यंत्र बंद ठेवलें तर तें कांहीं मागत नाहीं. तात्यांचें उत्तर ठरलेलें असे. "बैल बसला तर हात फिरवून उठवता येतो. ह्ये बसलं तर कुठं हात फिरवायचा, त्ये तरी ठावं हाय का तुला?" हा वाद काहीं आमच्याच घरचा नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं प्रथम लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते असें म्हणून शेतकरी तो घेण्यास तयार होईनात. पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, आणि त्याच नांगरांनीं महाराष्ट्राच्या काळ्या जमिनी उलथून टाकिल्या. माझ्या पणजोबांनीं तसला नांगर घेतला होता, आणि तात्या त्याचें कौतुक सांगत. अण्णांनीं ही विसंगति दाखवून दिली कीं, तात्या म्हणत, "त्यो नांगर बैल वढत हुता."

आमचें गांव मोहोळ तालुक्यांत आहे. जमीन काळी, खोल आणि सर्वस्वीं पावसाच्या मर्जीवरची. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, परंतु त्याचें पाणी आमच्या शिवाराच्या वांट्यास आलें नव्हतें. पीक म्हणजे रब्बीची ज्वारी. ज्या मालदांडी ज्वारीची भाकरी आपण सर्वजण आवडीनें खातों, तिची नामांकित जात आमच्या मोहोळच्याच सरकारी शेतावर निवडून काढलेली आहे. सोलापुरांत १९३३ सालीं कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचें केंद्र निघालें, तेंहि या आमच्या रुसव्याफुगव्याच्या पावसामुळेंच. या ज्वारीची रीत मोठी विलक्षण आहे. पाऊस संपत आला म्हणजे ती पेरावयाची, आणि पुढें चार महिने तिनें जमिनींत मुरलेल्या ओलीवर व थोड्याशा दंवावर जगावयाचें.

ज्या बालवाचकांचा जन्म शहरांत गेला त्यांस वाफसा म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. काळ्या रानावर मोठा पाऊस पडला कीं दोनतीन दिवस त्यांत पाऊल टाकतां येत नाहीं. चिखल पायाला असा धरतो कीं वहाण तेथेंच राहते. मग ऊन पडतें, वारा सुटतो, आणि माती मुठींत दाबली तर तिचा गोळा होतो व बोट लाविलें तर फुटतो. हा वाफसा. तो फार तर चार दिवस टिकतो. त्यानंतर वरचा थर वाळतो, ओल खालीं जाते, आणि बीं वरच्या कोरड्या मातींत पडलें तर पांखरांचें खाद्य होतें. म्हणून हस्ताच्या पावसानंतर गांवांत कोणी आजारी पडत नाहीं, कोणी लग्नाच्या गोष्टी बोलत नाहीं, आणि कोणी कोणास बैल उसने देत नाहीं.

आतां ट्रॅक्टरकडे वळूं. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पडते व तेल पेटतें. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहीं. सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें दाबून चारसहा वेळां जोरानें पंप मारावा; त्याचें नळकांडें हातास गरम लागेल. कोंडलेली हवा दाबली कीं ती तापते. डिझेलच्या इंजिनांत ती तिच्या मूळ जागेच्या सोळाव्या-विसाव्या हिश्शांत दाबतात, आणि ती पांचशें अंशांहून अधिक तापते. त्याच क्षणीं तींत डिझेलचा अगदीं बारीक फवारा सोडला म्हणजे तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरानें १८९७ सालीं असें पहिलें यशस्वी इंजिन चालवून दाखविलें. आणि १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत याच पद्धतीचें एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चाललें होतें. हें मीं पुस्तकांत वाचून तात्यांस सांगितलें, तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "मग कालवणात काय घालायचं?"

या इंजिनाचा मोठा शत्रु म्हणजे तेलाच्या नळींत शिरलेली हवा. तेल दाबलें तर दबत नाहीं, म्हणून पंपाचा सारा जोर फवाऱ्यापर्यंत पोंचतो. मध्यें हवेचा बुडबुडा असला तर पंप त्या बुडबुड्यालाच दाबीत बसतो, आणि फवारा उडतच नाहीं. मग गाळणीवरचा स्क्रू सैल करावयाचा, हातपंपाची दांडी वरखालीं करावयाची, फेंसाळ तेल येतें तें निखळ येईपर्यंत जाऊं द्यावयाचें. नंतर मोठ्या पंपावरचा स्क्रू, नंतर एकेका नळीचें तोंड. जाणता माणूस धुरावरून रोग ओळखतो. चाक फिरतें पण धूरच नाहीं, म्हणजे तेल पोंचत नाहीं. पांढरा धूर आला, म्हणजे तेल आलें पण इंजिन गार आहे. आमच्या म्हाताऱ्याचा धूर हिवाळ्यांत पांढरा असे. त्याची आम्हांस संवय होती. परंतु १९८३ च्या उन्हाळ्यापासून त्यानें एक नवीनच खोड धरिली. सुरू होई, अर्धा तास नीट चाले, आणि मग खोकल्यासारखे चार आंचके देऊन गप्प बसे. धूर नाहीं कीं कांहीं नाहीं.

यावर जितकीं तोंडें तितके उपाय झाले. अण्णा नळींतील हवा काढीत. सोलापुराहून आलेल्या उस्तादांनीं तांब्याचे सगळे वायसर नवे घातले व पंप उतरवून नेला. त्याचें बिल सोसायटीच्या हप्त्याबरोबर एकदमच अंगावर आलें. शेजारचे एक गृहस्थ चिंधी पेटवून ती हवा ओढण्याच्या तोंडाशीं धरीत. आजी नारळ फोडून लिंबू-मिरची बांधी. आणि मौज अशी कीं, प्रत्येक उपायानंतर म्हातारा सुरू होई. त्यामुळें अण्णांचा हवेवर, शेजाऱ्यांचा चिंधीवर व आजीचा नारळावर विश्वास दिवसेंदिवस दृढ होत गेला. कोणताहि उपाय करण्याच्या आधीं टाकींत डिझेल किती आहे तें पाहण्याचें काम माझ्याकडे असे. मी झांकण उघडून ज्वारीचें ताट आंत बुडवीत असें. झांकण फिरवितांना 'सूं' असा बारीक आवाज होई. पत्रा उन्हानें तापला असेल, असें मला वाटे. हें मीं कोणासहि सांगितलें नाहीं, आणि याची लाज मला अजून वाटते. कारण त्या वर्षीं मी सोलापुरास नववीच्या वर्गांत होतों, आणि हवेच्या दाबाचा धडा आमचा जुलै महिन्यांतच झाला होता. त्यांत मला दहांपैकीं आठ गुण होते.

उस्तादांचें बिल भागविण्यासाठीं शेवटची बैलजोडी विकावी लागली. हरण्या व पाखऱ्या हे दोन खिलारी बैल तात्यांनीं वासरांपासून वाढविले होते. घेणारा गांवांतलाच, चार घरांपलीकडचा. त्या दिवसापासून तात्या त्या गल्लीनें गेले नाहींत; देवळास जावयाचें तर वळसा घालून जात.

हस्ताचा पाऊस त्या साली दोन दिवस धरून पडला. शनिवारीं सकाळची शाळा सुटल्याबरोबर मी एस्.टी.नें गांवीं गेलों. दुसऱ्या दिवशीं रविवार, २ ऑक्टोबर. वाफसा अगदीं मुठींत आला होता. चौदा एकर रान. अण्णांनीं ट्रॅक्टरला चार फणांची पाभर जोडून घेतली होती. मागें फळीवर बसून आई व काकू चाड्यावर मूठ धरीत. सकाळपासून दुपारपर्यंत म्हातारा चार वेळां बसला. दर वेळीं तीच तपासणी, तोच हातपंप, तेंच स्टार्टर. चौथ्या वेळीं बॅटरीनें 'टक्' असा एक आवाज केला, आणि तीहि संपली. चार एकर झाले होते; दहा एकर उघडे पडले होते. चोहोंकडच्या रानांतून पाभरी चालल्या होत्या, आणि आमच्या रानांत एक लोखंडी डोंगर उभा होता. अण्णा चाकाला टेकून खालीं बसले. मीं त्यांना तसें बसलेलें पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें.

बॅटरीवांचून ट्रॅक्टर सुरू करण्याची एकच युक्ति उरली होती, ती उताराची. रानाच्या कडेनें गाडीवाट ओढ्याकडे उतरते. वरून ट्रॅक्टर सोडावा, त्यास वेग आला कीं क्लच सोडावा. चाकें इंजिनाला फिरवितात. पण यांत मोठी मेख होती. एकदां सोडलेला ट्रॅक्टर सुरू झाला नाहीं तर तो ओढ्याच्या चिखलांत जाऊन बसणार, आणि तेथून त्यास पेरणीच्या दिवसांत कोण काढणार? संधि एकच होती. शिवाय तो वाटेच्या तोंडापर्यंत न्यावयाचा कसा? माणसांनीं ढकलून तो त्या मऊ रानांतून हालेना. बैल पाहिजे होते.

कोणी कांहीं बोललें नाहीं. तात्या बांधावर बसले होते. ते उठले, पागोटें सारखें केलें, आणि गांवाकडे चालूं लागले. ज्या घरावरून सहा महिने गेले नव्हते त्याच घरीं ते गेले. तेथें काय बोलणें झालें तें मला माहीत नाहीं. तासाभरानें ते परत आले तेव्हां त्यांच्या हातांत हरण्या-पाखऱ्याचे कासरे होते, आणि मागून ते शेजारी आपली दुसरी जोडी व सातआठ माणसें घेऊन आले होते. स्वतःची पेरणी थांबवून आले होते, हें लिहून ठेवलें पाहिजे. तात्यांनीं बैलांना जुंपण्यापूर्वीं दोघांच्याहि नाकपुड्यांवरून हात फिरविला, कानांत कांहीं तरी सांगितलें. चार बैल व दहाबारा माणसें लागलीं तेव्हां म्हातारा करकरत हालला, आणि एकदांचा वाटेच्या तोंडाशीं येऊन थांबला. चाकांखालीं दगड लावले. अण्णा पुन्हां हवा काढूं लागले.

तेव्हां तात्या म्हणाले, "त्येचं नाक बंद हाय. म्या उन्हाळ्यापास्नं बघतूय. माशीनं घर केलंया त्येच्या नाकात."

अण्णांचा धीर सुटला होता. ते ओरडले, "तात्या, आतां तरी गप बसा! ह्ये बैल न्हाई!"

सर्वजण ऐकत होते. तात्या कांहीं बोलले नाहींत. ते हरण्यापाशीं जाऊन उभे राहिले. अण्णांनीं मला नेहमींप्रमाणें डिझेल पाहावयास सांगितलें. मी वर चढलों, झांकण फिरविलें, आणि या वेळीं तो आवाज 'सूं' नव्हता. टाकीनें मोठा श्वास घ्यावा तसा तो होता, आणि झांकण माझ्या हाताला क्षणभर ओढ देऊन सुटलें. प्रयोगशाळेंतील कांचेची नळी माझ्या डोळ्यांपुढें उभी राहिली. नळींत पाणी ओढून वरचें तोंड बोटानें दाबलें असतां खालचें तोंड उघडें असूनहि थेंब गळत नाहीं. वरून हवा आंत जाईल तेव्हांच खालून पाणी बाहेर येईल. टाकींतलें तेल कमी होत जाई आणि त्याची जागा घेण्यास हवा आंत शिरत नसे. मग टाकीच तेल मागें ओढून धरी, पंप सैल सांध्यांतून हवा ओढी, आणि म्हातारा गुदमरे. मी झांकण उघडलें कीं त्याचा श्वास मोकळा होई, आणि श्रेय मात्र नारळाला!

मी झांकण घेऊन अण्णांकडे धांवलों. त्यांनीं तें सूर्यासमोर धरिलें. झांकणास हवा जाण्यासाठीं एक भोंक असतें. त्यांतून उजेड दिसावयास हवा, तो दिसला नाहीं. झांकण दुहेरी पत्र्याचें होतें, आणि त्या दोन पत्र्यांमधील पोकळी चिकणमातीनें लिंपलेली होती. तात्यांनीं पागोट्यांतून बाभळीचा एक कांटा काढून पुढें केला. कांट्यानें माती उकरली तेव्हां तींतून कुंभारमाशीचें घरकुल बाहेर पडलें. आंत एक फिकट अळी, आणि तिच्या शिदोरीसाठीं आईनें सांठविलेल्या तीनचार लहान हिरव्या अळ्या. तो तिसरा प्राणी हाच. एवढ्या त्या चिखलाच्या कुपीनें आमची बैलजोडी खाल्ली होती.

अण्णा त्या अळीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग झांकण लावून, पुन्हां एकदां सगळी हवा काढून, ते जागेवर चढले. मीं दगड काढला. म्हातारा हळूच कलला, मग धडधडत सुटला. अर्धी वाट गेली तरी आवाज नाहीं. अण्णांनीं क्लच सोडला. मागचीं चाकें घसरलीं, एक पांढरा लोट निघाला, मग काळा, आणि ओढ्याच्या अगदीं कांठाशीं ते सुपरिचित टक्-टक्-टक् ऐकूं आलें. आई कपाळाला हात लावून देवाचें नांव घेत होती. हरण्या मात्र त्या आवाजानें बुजला, आणि तात्यांना त्यास आवरतां आवरतां पुरेवाट झाली.

त्यानंतर सोमवारच्या संध्याकाळपर्यंत आम्ही इंजिन बंद केलें नाहीं. बंद करण्याची छातीच होईना. चालत्या इंजिनावर डिझेल ओतलें, तें योग्य नव्हे हें माहीत असूनहि. चालत्या इंजिनाजवळ उभ्यानें भाकरी खाल्ली. रात्रीं दिव्यांच्या उजेडांत पाभर चालली. आई थकली कीं मी चाड्यावर बसें. माझी मूठ सारखी नव्हती. पुढें त्या तासांत ज्वारी कोठें दाट, कोठें विरळ उगवली, आणि ती ओळ सबंध हंगामभर माझी म्हणून ओळखली गेली. दोन एकर शेवटीं राहिलेच. मंगळवारीं वाफसा उडाला होता.

सोमवारची शाळा बुडाली. बुधवारीं शास्त्राच्या शिक्षकांनीं कारण विचारलें. मीं भीत भीत खरें तें सांगितलें. त्यांनीं कांहीं न बोलतां कपाटांतून कांचेची नळी काढून माझ्या हातीं दिली, आणि सबंध वर्गापुढें ती हकीकत पहिल्यापासून सांगावयास लाविली.

अण्णांनीं तात्यांची क्षमा मागितली असें कांहीं मीं ऐकलें नाहीं. पण मंगळवारीं सकाळीं, मी सोलापुरास निघण्यापूर्वीं, ते स्वतः चहाचा पेला घेऊन लिंबाखालीं गेले, आणि चहाबरोबर टाकीचें झांकणहि त्यांनीं तात्यांच्या हातांत दिलें. तेव्हांपासून तें झांकण तात्यांकडे लागलें. रोज सकाळीं ते उठून ट्रॅक्टरपाशीं जात, बाभळीच्या कांट्यानें तें भोंक साफ करीत, उजेडासमोर धरून पाहत, आणि मगच दगडावर बसत. ते १९९१ सालीं वारले. त्यानंतर तें काम अण्णा करीत.

म्हातारा आम्ही १९९६ सालीं विकला. घेणाऱ्यास अण्णांनीं त्याच्या सर्व खोडी एकेक करून सांगितल्या. थंडीचा पांढरा धूर सांगितला, उताराची वाट सांगितली, आणि शेवटीं हत्यारांच्या डब्यांतून तो कांटा काढून त्याच्या हातावर ठेविला. त्या माणसास तो देवाचा कांहीं तरी प्रसाद वाटला असावा. त्यानें तो कपाळास लाविला, आणि रुमालांत बांधून खिशांत ठेविला.